म्हैस विकली, विकून टाकली, विकावी लागली: भावना लिहायला बसणाऱ्या नवख्यांसाठी

दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण रंकाळ्याजवळ एका ओळखीच्यांच्या गच्चीवर जमतो. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, एक जण उद्यमनगरात लेथवर काम करतो. घरून लिहून आणायचं, मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी बोलायचं. चहा सगळं झाल्यावर. आधी चहा दिला की टीका मवाळ होते, हा आमचा अनुभव आहे.

मागे एकदा गंगावेशीतला एक विशीतला मुलगा पहिल्यांदाच आला. घरचा धंदा दुधाचा. वडील रोज संध्याकाळी म्हैस घेऊन कट्ट्यावर बसायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचे. कोल्हापुरात ज्यानं कट्ट्यावरचं फेसाळ दूध उभ्या उभ्या प्यायलंय त्याला हे वेगळं सांगायला नको. घरातली शेवटची म्हैस विकली, त्या दिवसावर त्यानं लिहिलं होतं. वाचताना त्याचा आवाज कापत होता. मजकूर असा होता:

‘त्या दिवशी आमच्या घरावर दुःखाचा डोंगर कोसळला. आमची लाडकी म्हैस विकताना बाबांच्या डोळ्यांत अश्रू तरळले. मला अतिशय वाईट वाटले. तिची ती केविलवाणी नजर माझ्या काळजाला घरे पाडून गेली. मुक्या जनावरांनाही भावना असतात हे त्या क्षणी मला जाणवले.’

वाचून झालं. सगळे गप्प. त्या मुलाला वाटलं, लोक हेलावले. खरं सांगायचं तर काय बोलावं हे कुणालाच सुचत नव्हतं. ज्याचा आवाज कापत होता त्याच्या आत काहीतरी खरं होतं, पण कागदावर त्यातलं काही उतरलं नव्हतं. हाच परिच्छेद आम्ही चार रविवार घेऊन बसलो. त्या चार रविवारांत जे जे केलं, ते इथं क्रमानं लिहितो. तुमच्याकडे तुमचा स्वतःचा एखादा परिच्छेद असेल तर तो शेजारी ठेवा आणि माझ्याबरोबर चला.

पहिली पायरी: भावनेचं नाव खोडा

पेन घ्या आणि दुःख, आनंद, वाईट वाटले, भारावून गेलो, गहिवरलो, संताप, भीती असे सगळे शब्द खोडून टाका. आमच्या परिच्छेदात हे केलं तेव्हा जेमतेम दीड वाक्य उरलं. घाबरू नका, बहुतेकांचं असंच होतं.

हा नियम आमच्या गच्चीवरचा नाही. काश्मीरचा मम्मट अकराव्या शतकात काव्यातले दोष सांगत होता. रस किंवा भाव त्याच्या नावानंच सांगून टाकणं, हा त्यानं रसाचा दोष धरला. ‘शोक’ म्हटल्यानं शोक होत नाही. त्याच्याही कितीतरी आधी भरताच्या नाट्यशास्त्रात कामाची कृती लिहून ठेवलेली आहे: विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. संस्कृतला बिचकू नका. विभाव म्हणजे कशामुळे झालं, समोर काय होतं. अनुभाव म्हणजे त्या माणसानं काय केलं, त्याच्या अंगावर काय दिसलं. व्यभिचारी भाव म्हणजे मुख्य भावनेच्या आतून येऊन जाणाऱ्या लहान लहान लहरी. असे ३३ भाव तिथं मोजलेले आहेत आणि त्यांत लाज आहे, गर्व आहे, आठवण आहे, आळससुद्धा आहे. शोकात बुडालेल्या माणसाला मध्येच आळस येऊ शकतो, हे ज्यानं टिपलं त्यानं माणसं नीट पाहिली होती.

त्याच ग्रंथात आठ सात्त्विक भाव आहेत, म्हणजे अंगावर आपोआप उमटणाऱ्या खुणा: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. सोप्या मराठीत, माणूस थिजतो, घामेजतो, अंगावर काटा येतो, आवाज फुटत नाही, थरथरतो, रंग उडतो, रडतो, भान हरपतं. नवा लिहिणारा या आठांतला एकच वापरतो. कोणता, ते सांगायला नको. पुढच्या वेळी डोळ्यांत पाणी आणण्याचा मोह झाला की उरलेले सात एकदा मनात म्हणा.

दुसरी पायरी: नेमकी छटा शोधा, पण ती समासात लिहा

नाव खोडायचं म्हणजे ते माहीत नसायला हवं असं नाही. उलट, लिहिणाऱ्याला ते अगदी नेमकं माहीत पाहिजे. इथं मराठी आपल्यावर मेहेरबान आहे. ‘वाईट वाटलं’ या एका गाठोड्यात काय काय असतं बघा.

काहीतरी सुटत चाललंय, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नाही, ती हुरहूर. करायचं राहून गेलं आणि आता करता येणार नाही, ती रुखरुख. ती वर्षानुवर्षं टिकते. थोडक्यात हुकलं, ती चुटपुट. दुसऱ्याच्या नुकसानीची ती हळहळ. करू की नको, ती घालमेल. बसवत नाही आणि उभंही राहवत नाही, ती तगमग.

आम्ही त्या मुलाला विचारलं, यातलं तुझं कुठलं? तो म्हणाला, ‘हळहळ असंल.’ मग शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, ‘पण विकायचं ठरवलं कुणी?’ तो बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, ‘आबांनी मला विचारलं हुतं, विकू का म्हणून. मी म्हटलं, विका की, कोण करणार आता?’

तिथं सगळं बदललं. ही हळहळ नव्हतीच, रुखरुख होती, आणि तिच्या आत लाज होती. पहिल्या मजकुरात हा मुलगा स्वतः कुठंच नव्हता, आणि तो तिथून पळाला होता म्हणूनच सगळं खोटं वाजत होतं. (बाबा नव्हे, आबा. घरी कुणी ‘बाबा’ म्हणतच नव्हतं. लिहायला बसलं की आपण आपल्या बापाचंही नाव बदलतो.)

तर समासात पेन्सिलीनं एक शब्द लिहा. रुखरुख. मजकुरात तो येणार नाही, पण मजकूर त्याच्या बाहेर जाणार नाही.

तिसरी पायरी: वस्तू मांडा

खूप वर्षांपूर्वी मी मावशी गेल्यावर तिच्यावर लेख लिहिला होता. प्रेमळ, सोशीक, मायेचा सागर, सगळं त्यात होतं. एका संपादकांनी तो परत पाठवला. समासात एकच ओळ होती: ‘मावशी दिवसभर काय करायच्या?’ मला राग आला होता. आज वाटतं, फी न घेता कुणी मला एवढं शिकवलं नाही.

दहा वस्तूंची यादी करा. त्या प्रसंगात प्रत्यक्ष होत्या अशाच. आमच्या मुलाची यादी: दावं, पेंडेची पाटी, छोटा हत्ती (जनावर नव्हे, टेम्पो), किटली, चरवी, गोठ्यातला पिवळा बल्ब, शेणाचं घमेलं, आबांची टोपी, कानातला बिल्ला, मोबाईल.

आता यातल्या कुणाच्याही लेखात सापडतील अशा वस्तू काढा. टोपी गेली. बल्ब गेला, कारण पिवळ्या बल्बखाली मराठीत आजवर फार माणसं रडली आहेत. मोबाईलवर आमचा वाद झाला. तो गावरान वातावरणात शोभत नाही, असं बँकवाल्यांचं म्हणणं. मी विचारलं, ‘मोबाईल कशाला होता हातात?’ उत्तर आलं, ‘पैसे जमा झाल्याचा मेसेज माझ्याच मोबाईलवर यायचा हुता.’ मग मोबाईल राहिला. जी वस्तू लिहिणाऱ्याला थोडी अडचणीत टाकते, ती बहुधा ठेवायची असते.

कोल्हापुरातल्या लिहिणाऱ्यांसाठी एक घरगुती बंदी सांगतो. रंकाळ्यावरचा मावळता सूर्य सहा महिने वापरायचा नाही. उदास असो की प्रेमात, आमच्याकडचा प्रत्येक जण तिथंच जाऊन बसतो आणि तळ्यात सूर्य बुडवतो. तळं थकलं असेल.

वस्तूसारखाच आकडाही काम करतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पावसाळ्यात इथल्या माणसाला नुसतं ‘बेचाळीस झालं’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर माळ्यावर चढवायचं सामान आणि म्हातारीची औषधं येतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि ते दिवस ज्यानं काढले त्याच्या पोटात त्या आकड्यानं अजून गोळा येतो. पण हाच आकडा नागपूरच्या वाचकापुढे ठेवलात तर तो नुसता आकडा आहे. त्याच्यासाठी आधी एक जिना दाखवावा लागेल, सकाळी पाणी तिसऱ्या पायरीला होतं, दुपारी सहाव्या. मग ‘बेचाळीस’ म्हणा. आपल्या गावात जी भावना फुकट मिळते ती बाहेरच्यासाठी कमवावी लागते.

चौथी पायरी: क्रियापदापाशी थांबा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा. नवे लेखक विशेषणं शोधत बसतात, आणि मराठीची खरी भावना तर वाक्याच्या शेपटात असते. एकच म्हैस, एकच व्यवहार:

म्हैस विकली. ही बातमी झाली.
म्हैस विकून टाकली. कटकट होती, संपवली. किंवा रागाच्या भरात केलं.
म्हैस विकावी लागली. इलाज नव्हता.
म्हैस विकून बसलो. आता पस्तावतोय.
म्हैस विकली एकदाची. हुश्श.
म्हैस विकून मोकळा झाला. हे दुसरा माणूस बोलतोय, आणि त्याला ते पटलेलं नाही.
म्हैस विकली गेली. कुणी विकली ते सांगायचं नाही.

यात ‘दुःख’ कुठंच नाही, तरी प्रत्येक वाक्यातला माणूस वेगळा आहे. टाकणे, बसणे, जाणे, देणे, ठेवणे ही साधी क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाच्या मागं उभी राहिली की त्यांचा मूळ अर्थ पातळ होतो आणि बोलणाऱ्याचं मन दाखवायला लागतात. ‘बोललो’, ‘बोलून गेलो’, ‘बोलून बसलो’, ‘बोलून टाकलं’ हे चार वेगळे प्रसंग आहेत. दुसऱ्याचा पहिल्यापेक्षा अर्धा दोष, तिसऱ्याला झोप नाही, चौथा शांत झोपलाय.

दुसरी गंमत ‘ना’ची. ‘म्हस चढेना.’ इथं म्हशीचा हट्ट आहे, ती नाही म्हणतेय. ‘म्हशीला चढवेना’ म्हटलं की तिच्या अंगात त्राण नाही. एका ‘व’नं हट्टाचा अशक्तपणा झाला. म्हणून बघवेना, बोलवेना, घास गिळवेना ही रूपं जपून वापरा. तिथं माणूस करायला तयार आहे आणि शरीर ऐकत नाही, इतका मोठा ऐवज त्या एका शब्दात आहे. एका लेखात असा एक शब्द पुरतो. तीन आले की वाचक सावध होतो.

तिसरं, ‘मी’ आणि ‘मला’. मराठीत भावना बहुतेक वेळा माणसाकडे येतात. मला राग आला, मला रडू फुटलं, भीती वाटली, माया लागली. आपण त्यांचे मालक नाही, त्या येऊन उतरण्याची जागा आहोत. म्हणून ‘मला राग आला’ आणि ‘मी रागावलो’ यांत फरक पडतो. दुसऱ्यात थोडी जबाबदारी घेतलेली आहे. कबुलीचं लिहिताना ‘मी’ घ्या. सवयीनं सगळीकडे ‘मला’ आलं की सगळा लेख लिहिणाऱ्यावर पाऊस पडल्यासारखा वाटतो, तो नुसता भिजत उभा.

अभ्यास: तुमच्या परिच्छेदातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य घ्या. त्याचं फक्त शेपूट बदलत ते सात वेळा लिहा. सातही मोठ्यानं वाचा. कुठल्या तरी एकापाशी तुम्ही अडखळाल. तेच ठेवा.

पाचवी पायरी: च, ही, तर, ना, की, म्हणे

आबा आले. आबाच आले. आबाही आले. आबा तर आले. आले ना आबा. आले की आबा! आबा आले म्हणे.

‘आबाच आले’ मध्ये दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहिली जात होती. ‘आबा तर आले’ मध्ये कुणीतरी अजून यायचं राहिलंय आणि त्याच्यावर नजर आहे. ‘आले म्हणे’ मध्ये रुसवा आहे, की मला कुणी सरळ सांगितलं नाही, बाहेरून कळलं. कुठलंही विशेषण हे काम इतक्या कमी जागेत करणार नाही.

‘की’ तर आमच्या कोल्हापूरचा लाडका. ‘बस’ म्हटलं तर हुकूम, ‘बस की’ म्हटलं तर आग्रह. वरच्या मुलाचं ‘विका की’ आठवा. नुसतं ‘विका’ असतं तर तो निर्णय झाला असता. ‘विका की’ मध्ये मोबाईलमधून डोकं वर न काढता बोललेलं सगळं आहे, आणि त्याची रुखरुख नेमकी त्या ‘की’ला टांगलेली आहे.

इथं एकच सूचना. लिहून झाल्यावर अशी सगळी अक्षरं काढून टाका आणि जिथं वाक्य पांगळं होतं तिथंच परत घाला. ‘च’ची तर साथ असते, एकाला आला की सगळ्यांना येतो.

सहावी पायरी: माणसं बोलतात तशी बोलू द्या, आणि जे बोलत नाहीत ते बोलायला लावू नका

आमच्याकडचा बाप ‘मला तुझी काळजी वाटते’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘पेट्रोल हाय का गाडीत?’ आई ‘तुझी आठवण येते’ म्हणायच्या ऐवजी फोनवर विचारते, ‘जेवलास का, आणि काय जेवलास?’ दोस्त तर प्रेम शिवीतनंच करतो. ‘आरं मर्दा, कुठं मेला हुतास’ हे इथलं मिठी मारणं आहे. पात्राच्या तोंडी थेट भावना घातली की ते पात्र टीव्हीतलं होतं. बोलणं भावनेच्या शेजारून जाऊ द्या.

म्हैस गेल्यावर आबा काय म्हणाले, असं विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, ‘काई न्हाई. शेण काढायचं तरी वाचलं म्हणाले.’ आणि हे वाक्य त्यानं लेखात घातलंच नव्हतं. ‘ते काय भारी वाक्य हाय व्हय?’ असं त्याचं म्हणणं. त्यातला ‘तरी’ ऐका.

संबोधनावर नजर ठेवा. घरात अरे-तुरे असलेल्या माणसानं एक दिवस ‘तुम्ही बघा तुमचं’ म्हटलं की भांडणाचं वर्णन वाचवता येतं. बायकोनं ‘अहो’ सोडून नुसतंच ‘ऐकलं का’ वर आणणं, आज्जीनं नातवाला अचानक पूर्ण नावानं हाक मारणं, एवढंही पुरतं.

बोलीबद्दल माझं जरा कडवट मत आहे. आपल्याकडे बोली आली की लोक हसायच्या तयारीत बसतात, आणि लेखकही मग विनोदापुरतीच ती वापरतात. रडायची वेळ आली की पात्रं पुणेरी होतात. असं करू नका. ज्या भाषेत माणूस हसतो त्याच भाषेत त्याचं गळा दाटून येणं लिहा. इथल्या अनेक बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. ते तसंच लिहा, दुरुस्त करायला जाऊ नका. ‘मी जातो आता’ म्हणत उंबऱ्यावर थांबलेली आत्या ‘मी जाते’ म्हणाली तर ती आमची आत्या राहत नाही. मात्र निवेदनात प्रत्येक शब्द बोलीत लिहायचा अट्टहास नको. बोलीचा वास वाक्याच्या चालीतून येतो, शुद्धलेखन मोडून येत नाही.

सातवी पायरी: घासलेली नाणी

पायाखालची वाळू सरकली, काळजाचा ठोका चुकला, डोळे पाणावले, शब्द अपुरे पडले. हे एके काळी कुणाला तरी पहिल्यांदा सुचलं असेल आणि तेव्हा ते लखलखीत असेल. आज ते वाचताना डोळा थांबत नाही.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५पासूनचं नाट्यगृह, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री माझ्या फोनवर शंभरेक संदेश आले असतील. बहुतेकांत काळीज जळत होतं, अस्मितेची राख होत होती, आणि मीही तसलंच काहीतरी लिहून पाठवलं. सगळ्यांचं दुःख खरं होतं. पण त्यातला एकच संदेश माझ्या लक्षात राहिला. एका ओळखीच्या नेपथ्यवाल्यानं फक्त लिहिलं होतं, ‘माझी हातोडी आत हुती.’

घासलेली वाक्यं पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही. माणसं बोलताना ती वापरतातच, आणि पात्रानं वापरली तर त्यातून पात्र कळतं. श्रद्धांजलीच्या सभेत ‘पोकळी निर्माण झाली’ म्हणणारा पुढारी लेखात जरूर आणा. फक्त ती पोकळी तुमच्या निवेदनात नको.

उद्गारचिन्हं आणि तीन-तीन टिंबं याच खात्यात जातात. टिंबं दिली की वाचक भरून घेईल, असं वाटतं. तो काही भरत नाही, पुढच्या ओळीवर उडी मारतो.

राग, हसू, भीती: थोडक्यात

आतापर्यंत एकाच भावनेवर रेंगाळलो, कारण नवख्यांची गाडी तिथंच रुतते. बाकीच्यांचं तंत्र वेगळं नाही, वेग वेगळा. रागात माणूस छोटी वाक्यं बोलतो आणि जुने हिशेब काढतो, तारीखवार. भीतीत कान मोठे होतात, म्हणून आवाज लिहा, दृश्य कमी. हसवायचं असेल तर निवेदकानं अजिबात हसायचं नाही. आणि आनंद लिहिणं सगळ्यात अवघड. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या संघानं शेवटच्या मिनिटाला गोल केला, तर जल्लोष सगळ्यांनाच लिहिता येतो; पण गोल झाल्यावर ज्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलात त्याच्याशी नंतर काय बोलावं हे न सुचणं, ते लिहा.

शेवटची पायरी: क्रम, लांबी आणि कुठं थांबायचं

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून ते आधी आणलं की लगेच जाणवतं. ‘म्हस गेली’ ही माहिती. ‘गेली म्हस’ म्हटलं की ज्याची भीती होती तेच झालं. असं उलटं वाक्य पानावर एखादंच हवं. दर दोन ओळींनी आलं तर ते भजनी मंडळ होतं.

लांबीचं सूत्र मला सांगता येत नाही. मोठ्यानं वाचा, श्वास कुठं तुटतो बघा. माझा अनुभव एवढाच, की जिथं घटना सगळ्यात जड आहे तिथं वाक्यं साधी आणि कोरडी ठेवली तर वाचक स्वतःहून पुढं येतो.

आणि शेवट. आमच्या मुलाच्या मूळ परिच्छेदाचा शेवट ‘मुक्या जनावरांनाही भावना असतात’ असा होता. वाचकाला जे वाटायला हवं ते त्याच्या हातात लिहून दिलेलं. शेवटचं वाक्य झाकून वाचा. काही बिघडलं नाही तर ते काढा. मग त्याच्या आधीचं झाका. बिघडेपर्यंत हे चालू ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी तंत्राची नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाची जखम लिहिता आहात. छापायला किंवा चारचौघांत वाचायला देण्याआधी त्या माणसाला वाचून दाखवा. चौथ्या रविवारी तयार झालेला मजकूर असा होता:

‘आबांनी विचारलं होतं, “विकू का?” मी म्हणालो होतो, “विका की. कोण करणार आता?”

छोटा हत्ती दारात आला. म्हस चढेना. तिघांनी ढकललं तरी चढेना. शेवटी आबांनीच फळीवर पेंडेची पाटी ठेवली, तशी चढली. जुनं दावं त्यांनी सोडून घेतलं. पैसे आल्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर वाजला, तोवर गाडी कोपऱ्यावरनं वळलीपण होती. आबांनी चूळ भरली. म्हणाले, “शेण काढायचं तरी वाचलं.”

संध्याकाळी पाचला ते कट्ट्यावर जाऊन बसले, रोजच्या जागी. काथ्याचं दावं खांद्यावर. एक गिऱ्हाईक किटली घेऊन आलं. “आज म्हस न्हाई व्हय?”

“येतीया मागनं,” आबा म्हणाले.’

ते त्यानं आबांना वाचून दाखवलं. पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं, काय म्हणाले? म्हणाला, ऐकून घेतलं, जरा वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, ‘काथ्याचं न्हवं ते. वाखाचं हुतं. मीच वळल्यालं.’

त्यानं तेवढी एकच दुरुस्ती केली.